ट्रायफलच्या तळाशी पाणी का साचतं, आणि लिकर नेमकी किती व कुठे घालायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काचेच्या भांड्यात स्पंज, फळं, कस्टर्ड आणि क्रीम असे थर लावून, लिकर घालून ट्रायफल केलं. रात्री थर सुबक दिसत होते. सकाळी तळाशी बोटभर पाणी, स्पंजचा लगदा, कस्टर्ड सैल आणि पांढऱ्या क्रीममध्ये लाल ओघळ. लिकरही कुठे झोंबते, कुठे लागतच नाही. चूक कोणत्या थरात झाली?

चूक एका थरातली नसते. या सगळ्या तक्रारी पाण्याच्या आहेत. ट्रायफलमध्ये फळ, कस्टर्ड आणि क्रीम या तिघांनी आपापलं पाणी आपल्यापाशी धरून ठेवायचं असतं. पाणी पिण्याची मुभा फक्त स्पंजला, आणि तीही मोजून. लिकर म्हणजे पाणी, साखर आणि अल्कोहोल, म्हणून तिचा हिशोब स्पंजच्या वाट्यातच धरायचा. बहुतेक जण स्पंज आधी रसाने भिजवतात, मग त्यावर लिकर ‘वरून’ ओततात, आणि न निथळलेली फळं त्याच्यावर घालतात. तिन्हीकडचं पाणी तळाशी जाणारच.

आधी मापं घेऊ. हे माप दहा जणांसाठी, सुमारे तीन लिटरच्या सरळ भिंतीच्या काचेच्या भांड्याचं आहे. स्पंज ३०० ग्रॅम. फळं ६०० ग्रॅम, समजा ४०० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि २०० ग्रॅम रासबेरी. भिजवायला एकूण १८० मिली द्रव, त्यात ९० मिली संत्र्याची लिकर आणि ९० मिली फळांचा रस. कस्टर्डसाठी ५०० मिली दूध, १०० मिली क्रीम, ५ पिवळे बलक, ८० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. वरच्या थरासाठी ३५ टक्के स्निग्धांशाचं ३५० मिली क्रीम आणि २० ग्रॅम पिठीसाखर. वजनकाटा वापराच. कॉर्नफ्लोअरचा चमचा सपाट की शिगोशीग, एवढ्या फरकानेही कस्टर्ड बदलतं.

फळांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथेच लपलेलं असतं. चिरलेल्या फळावर साखर पडली की ती पेशींतलं पाणी बाहेर ओढते. भांड्यात थर लावल्यावर हे व्हायचंच असेल, तर ते आधीच होऊ द्यावं. स्ट्रॉबेरी धुऊन कोरड्या करा आणि मगच देठ काढा. देठ आधी काढला तर फळ धुण्याचं पाणी पितं. जाड चकत्या करून त्यांवर २५ ग्रॅम साखर भुरभुरा आणि अर्धा-पाऊण तास ठेवा. नंतर चाळणीत निथळा. फळ किती पिकलंय त्यावर कमी-जास्त, पण साधारण ५० ते ७० मिली रस निघतो. हा रस म्हणजे तुमच्या ९० मिलीतला मोठा वाटा. उरलेला भाग संत्र्याच्या रसाने भरा. अशा रीतीने जे पाणी सकाळी तळाशी साचणार होतं, तेच स्पंजमध्ये चव बनून जातं. रासबेरीला साखर लावू नका आणि त्या चिरूही नका. त्या अख्ख्याच चांगल्या टिकतात.

गोठवलेली बेरी थेट थरात घालणं ही हमखास पाणी होण्याची वाट आहे. गोठताना आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे वितळल्यावर ती आपला रस धरूच शकत नाही. ती चाळणीवर पूर्ण वितळू द्या. खालचा रस पातेल्यात घ्या, ४०० ग्रॅम फळाला ३० ग्रॅम साखर घाला, आणि रस साधारण १५० मिली असेल तर ८ ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून त्यात ओता. ढवळत एक मिनिट उकळा, आच बंद करा, फळ घालून हलकेच मिसळा. आंबट रसात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळलं तर त्याची पकड सुटते, म्हणून एका मिनिटावर नको. डब्यातली फळंही अर्धा तास निथळू द्या. त्यांचा पाक भिजवायला चालतो, पण तो गोड असतो, तेव्हा बाकीची साखर कमी करा. सफरचंद आणि केळं काळं पडतं. लिंबाचा रस चोळल्याने वेळ मिळतो, पण रात्रभर नाही. ही फळं वाढण्याआधी वर मांडायला ठेवा.

अननस, किवी आणि पपई यांच्याबाबत मात्र ठाम राहा. ही फळं न शिजवता घालायची नाहीत. तिन्हींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात: अननसात ब्रोमेलेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, पपईत पपेन. जिलेटिनची जेली असेल तर ती त्यांच्यामुळे सेट होत नाही, किंवा झालेली सुटते. दुधाच्या थराशी त्यांचा संबंध आला की काही तासांत कडसर चव येते, कारण दुधातली प्रथिनं तुटून कडू तुकडे तयार होतात. अनेकदा हा कडवटपणा लिकरच्या माथी मारला जातो, आणि पुढच्या वेळी लिकर कमी करूनही तो जात नाही. उपाय सोपा आहे. फळाच्या फोडी थोड्या साखरेत चांगल्या उकळून गार करा, किंवा डब्यातलं फळ वापरा, कारण डबाबंद करताना ते उष्णतेतून गेलेलं असतं. किवी शिजवली की तिचा रंग आणि चव दोन्ही जातात, म्हणून किवी हवीच असेल तर वाढताना वरून.

आता लिकर. बाटलीवर दोन गोष्टी बघायच्या, अल्कोहोलची टक्केवारी आणि गोडी. कॉइंट्रो आणि ग्रॅन्ड मार्निए या संत्र्याच्या लिकर ४० टक्क्यांच्या आहेत. बदामाच्या वासाची अमारेत्तो साधारण २४ ते २८, लिंबाची लिमोन्चेलो बहुधा २५ ते ३२, ब्लॅककरंटची क्रेम द कासिस १५ ते २०, क्रीमवाली बेलीज १७ टक्के. किर्श ही मुळात लिकर नाही. ती चेरीपासून गाळलेली बिनसाखरेची ब्रँडी आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिकरमध्ये लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते, ‘क्रेम द’ नावाच्या लिकरमध्ये २५० ग्रॅम आणि क्रेम द कासिसमध्ये ४०० ग्रॅम. म्हणजे ९० मिली कासिस घातलीत तर किमान ३६ ग्रॅम साखर तिच्यासोबतच आली. ती फळाच्या आणि क्रीमच्या साखरेतून वजा करा. उलट किर्श वापराल तर ९० मिली रसात २५ ते ३० ग्रॅम साखर विरघळवून घ्या, नाहीतर स्पंज कोरडा आणि तिखट लागेल. ‘क्रेम’ या शब्दाने फसू नका. त्यात दूध-साय काही नसतं, ते नाव दाट गोडीमुळे आलंय.

लिकर झोंबते याचं मुख्य कारण ती नीट, म्हणजे पाण्यारसाशिवाय, आणि एकाच जागी ओतली जाते. ४० टक्क्यांची लिकर रसात निम्म्याला निम्मी मिसळली की २० टक्क्यांच्या आसपास येते आणि स्पंजमध्ये सारखी पसरते. २० टक्क्यांच्या आतली लिकर असेल तर रसाचं प्रमाण कमी करा: १२० मिली लिकर, ६० मिली रस. शेरीची (स्पेनमधल्या कडक वाइनची) जुनी पद्धत पाळायची असेल तर शेरी साधारण १५ ते २० टक्क्यांची असते, म्हणून पूर्ण १८० मिली शेरीच घ्यावी, वेगळा रस नको. फळांचा निथळलेला रस मग आटवून फळांवरच परत घालता येतो. द्रवाची बेरीज मात्र कुठल्याही परिस्थितीत १८० मिलीच.

एका माणसाच्या वाट्याला किती अल्कोहोल येतं, हे यजमानाला माहीत असलंच पाहिजे. ९० मिली ४० टक्क्यांच्या लिकरमध्ये ३६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. दहा वाट्या केल्या तर प्रत्येकीत ३.६ मिली, म्हणजे तीन ग्रॅमच्या थोडं आत. कस्टर्डमध्ये आणि क्रीममध्ये आणखी लिकर घातली तर तीही यात धरा. ट्रायफल शिजवलं जात नाही, म्हणून यातलं अल्कोहोल उडून जात नाही, आणि फ्रिजमध्ये मुरल्यावरही ते असतंच. मुलं, गरोदर बायका, गाडी चालवणारे, औषधं चालू असलेले आणि दारू वर्ज्य असणारे यांच्यासाठी वेगळं भांडं करा आणि दोन्ही भांड्यांवर स्पष्ट चिठ्ठी लावा. ‘थोडीशीच आहे’ हे दुसऱ्याच्या वतीने ठरवायचा हक्क कुणाला नाही.

कोणत्या फळाला कोणती लिकर? स्ट्रॉबेरीला संत्र्याची, चेरीला किर्श, रासबेरीला शाम्बोर (रासबेरीचीच लिकर) किंवा कासिस, ब्लूबेरीला लिमोन्चेलो, अननसाला नारळाच्या वासाची रम. पीच आणि जर्दाळूला अमारेत्तो, आणि हे जुळणं उगाच नाही. बदाम आणि जर्दाळूची बी या दोन्हींचा ओळखीचा वास बेन्झाल्डिहाइड या रसायनाचा, आणि अमारेत्तोचाही तोच. कॉफीची लिकर संत्रं किंवा केळ्याबरोबर चांगली लागते, बेरीबरोबर मात्र तिची कडवट आणि बेरीची आंबट चव एकमेकींशी भांडतात. बेलीजसारखी क्रीमवाली लिकर आंबट फळांच्या रसात मिसळू नका. ती फाटते आणि स्पंजवर पांढऱ्या कणांचा थर बसतो. ती वापरायचीच असेल तर पिकलेलं केळं किंवा शिजवलेलं पेअर यांच्यासोबत, आणि रसाऐवजी दुधाने पातळ करून.

ताजी फळं लिकरमध्ये तासन्‌तास बुडवून ठेवणं टाळा. साखरेसारखंच अल्कोहोलही फळातलं पाणी ओढतं, आणि रासबेरी तर मऊ होऊन विरघळते. फार तर एक चमचा लिकर फळांवर शिंपडून दहा मिनिटं. सुक्या मेव्याचं उलट आहे. मनुका किंवा सुक्या चेरी रात्रभर भिजल्या तरच बऱ्या लागतात.

स्पंज बिनलोण्याचा, बिनतेलाचा हवा. स्निग्धांश कमी असला की केक द्रव जास्त आणि सारखा शोषतो. बटर केक घातला तर त्याचा लगदा लवकर होतो आणि फ्रिजमध्ये लोणी गोठून तो जिभेला चिकट लागतो. तीन अंडी आणि ९० ग्रॅम साखर सात-आठ मिनिटं फेटा. फेटणीतून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर ठसा धरून राहिली पाहिजे. ९० ग्रॅम मैदा दोनदा चाळून, तीन वेळा थोडा थोडा घालून, उलथन्याने खालून वर हलक्या हाताने मिसळा. २० सेंटीमीटरच्या डब्यात १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा. यातून बरोबर ३०० ग्रॅमच्या आसपास केक मिळतो. तो आदल्या दिवशीचा असावा. आजच भाजला असेल तर दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे करून १३० अंशांवर दहा-बारा मिनिटं वाळवा. बोटाच्या आकाराची सावोयार्दी बिस्किटं वापरायची असतील तर ती बुडवून ठेवू नका. प्रत्येक बाजूने जेमतेम एक सेकंद पुरे, त्यांचा पोत अत्यंत पोकळ असतो.

भिजवण्याचं सूत्र असं की स्पंजच्या वजनाच्या ६० टक्के द्रव. ३०० ग्रॅमला १८० मिली येतं ते यातूनच. तुकडे तळाशी एकमेकांत घट्ट बसवा, फटी लहान तुकड्यांनी बुजवा, मग द्रव चमच्याने किंवा ब्रशने कडेकडून मध्याकडे घाला. सगळं एकदम नको. दोन-तृतीयांश घालून दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. तुकडा दाबला तर ओला लागावा, पण बोटांमधून रस ओघळू नये. वरून कोरडा वाटला तरी घाबरू नका, रात्रभरात फळांचा आणि कस्टर्डचा थोडा ओलावा त्याला मिळणारच आहे. भीतीपोटी घातलेले ते जास्तीचे दोन डाव म्हणजेच सकाळचं पाणी.

आता कस्टर्ड, आणि इथे थोडं थांबायला हवं. ‘दाट झालं होतं, तरी सकाळी पातळ झालं’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते. अंड्याच्या बलकात अल्फा-अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर, तोडतं, आणि साध्या गरम करण्याने जात नाही. कॉर्नफ्लोअर उकळण्याच्या आधीच दाट होतं, म्हणून घाईत बघणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि आच बंद होते. एन्झाइम मात्र जिवंत राहतं आणि फ्रिजमध्ये रात्रभर हळूहळू स्टार्च खात बसतं. सकाळी पातेल्यातलं दाट कस्टर्ड सूपसारखं होतं. म्हणून बलक आणि कॉर्नफ्लोअर दोन्ही असलेल्या कस्टर्डला खळखळून बुडबुडे आलेच पाहिजेत, आणि ते आल्यावर पूर्ण एक ते दोन मिनिटं न थांबता ढवळत ठेवायचं. बलक फुटेल ही भीती इथे नको. कॉर्नफ्लोअर प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही. बिनकॉर्नफ्लोअरचं, निव्वळ बलकाचं कस्टर्ड मात्र ८२ ते ८४ अंशांवर दाट होतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की फुटतं. ते ओतायला छान, थर लावायला नाही.

कृती अशी. बलक, साखर, मीठ आणि कॉर्नफ्लोअर दोन-तीन चमचे गार दुधात गुठळ्या न ठेवता फेटा. उरलेलं दूध आणि क्रीम वाफा येईपर्यंत तापवा. गरम दुधाची बारीक धार बलकात ओतत, सतत फेटत राहा, मग सगळं मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात परत घ्या. मध्यम आचेवर ढवळताना फेटणी कडेच्या कोपऱ्यांत फिरली पाहिजे, जळायला तिथूनच सुरुवात होते. बुडबुडे आले की घड्याळ लावा. उतरवल्यावर बारीक चाळणीतून गाळा. पाचेक मिनिटांनी व्हॅनिला आणि हवी असेल तर दोन मोठे चमचे लिकर मिसळा. फार गरम असताना घातली तर वास वाफेबरोबर जातो, गोठल्यावर घातली तर कस्टर्डची बांधणी मोडते. पृष्ठभागाला चिकटवून क्लिंग फिल्म लावा म्हणजे साय धरणार नाही.

चव घेताना तोच चमचा परत पातेल्यात बुडवू नका. लाळेतही अमायलेज असतं, आणि दोन-तीनदा चाटलेल्या चमच्याने चांगलं कस्टर्ड पातळ होऊ शकतं.

कस्टर्ड भांड्यात कधी ओतायचं यालाही महत्त्व आहे. पूर्ण गार करून, घोटून मग घातलं तर ते मऊ आणि चमकदार दिसतं, पण स्टार्चची एकदा जमलेली जाळी मोडली की ती पुन्हा तशी जमत नाही. चमचा घातला की थर घसरतो. फार गरम ओतलं तर फळातून रस सुटतो. बोट बुडवल्यावर कोमट लागेल, साधारण ३५ ते ४० अंश, तेव्हा एकदाच ढवळून ओता. ते वाहून फळांच्या फटींत जातं आणि तिथेच, न हलवता, गोठतं. ओतताना पळीची पाठ मध्ये धरा आणि धार तिच्यावर पडू द्या, म्हणजे फळं हलत नाहीत.

अंडं नको असेल तर ६०० मिली दुधाला ४५ ग्रॅम कस्टर्ड पावडर घ्या. पाकिटावरचं माप बहुधा वाटीत ओतून खायच्या कस्टर्डचं असतं, थरासाठी ते कमी पडतं. ही पावडर मुळात वासरंग घातलेलं कॉर्नफ्लोअरच. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. यात बलक नाही म्हणून अमायलेजची काळजी नाही, तरी मिनिटभर उकळाच, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. उतरवल्यावर २५ ग्रॅम बटर घोटलं तर बलकाची उणीव बरीच भरून निघते.

जेलीचा थर हवा की नको यावर मतं टोकाची आहेत. फळ चांगलं रसाळ असेल तर तो नसलेला बरा असं माझं मत, कारण जेलीचा रबरी पोत कस्टर्डच्या मऊपणाला छेद देतो. तरीही घालायची तर ती स्पंजवर ओतू नका, स्पंज ती पिऊन दडस होतो. जिलेटिनऐवजी आगर (समुद्री शेवाळापासूनचं) वापरत असाल तर ते साध्या पाण्यात पूर्ण उकळून मग त्यात रस आणि लिकर घाला. आंबट रसातच उकळलं तर त्याची पकड ढिली पडते.

क्रीमबद्दल मुख्य गोष्ट स्निग्धांशाची. पाकिटातलं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहणार नाही. किमान ३० टक्के लागतं, ३५ असेल तर निर्धास्त. क्रीम, भांडं आणि फेटणी तिन्ही थंडगार हवीत. हवेचे बुडबुडे अडवून धरतात ते घट्ट झालेले स्निग्ध कण, आणि ते ऊब लागली की मऊ पडतात. मध्यम वेगाने फेटा. फेटणीच्या खुणा राहू लागल्या की साखर घाला. लिकर घालायची असेल तर आत्ता, आणि २५० मिलीला एक मोठ्या चमच्याहून जास्त नाही. टोक उचललं की हळूच वाकेल इथे थांबा. ट्रायफलवर ताठ क्रीम चांगलं लागत नाही, शिवाय पसरताना फेटणं चालूच राहतं. दाणेदार दिसू लागलं तर दोन-तीन चमचे न फेटलेलं क्रीम घालून उलथन्याने हलकेच मिसळा, बहुतेक वेळा ते सावरतं. पाणी सुटून पिवळट गोळे दिसले तर मात्र ते लोणी झालं. जास्त वेळ टिकवायचं असेल तर २५० मिलीला ६० ग्रॅम मस्कारपोने (इटालियन मऊ क्रीम चीज) सुरुवातीलाच मिसळा. वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम तासन्‌तास उभं राहतं, पण ते आधीच गोड असतं आणि टाळूवर चिकट पडदा ठेवतं. ते घ्याल तर साखर नको.

थर लावायला लागा. तळाशी भिजवलेला स्पंज. काचेच्या कडेने स्ट्रॉबेरीच्या चकत्या कापलेली बाजू बाहेर करून चिकटवा, पण आधी त्या कागदी रुमालाने टिपून घ्या. ओली चकती घसरते आणि काचेवर लाल रेघ सोडते. मध्ये बाकीची निथळलेली फळं. त्यावर कोमट कस्टर्ड. मग फिल्म लावून फ्रिजमध्ये किमान सहा तास, रात्रभर असेल तर उत्तम. इतक्या वेळात अल्कोहोल स्पंजमधून फळांत आणि कस्टर्डमध्ये सरकतं, झोंबणं कमी होतं आणि वास पुढे येतो. तासाभरात खाल्लेलं ट्रायफल आणि दुसऱ्या दिवशीचं ट्रायफल हे दोन वेगळे पदार्थ वाटतात, मुरू देणं म्हणूनच टाळू नये.

क्रीम वाढण्याआधी दोन तासांच्या आत घाला. लाल ओघळ येतात ते बेरीचा रंग क्रीमला थेट लागल्यामुळे. फळ आणि क्रीम यांच्यामध्ये कस्टर्ड सलग, एक सेंटीमीटरहून जाड असेल तर ओघळ येत नाहीत. वर सजवायची फळं, भाजलेले बदामाचे काप किंवा किसलेलं चॉकलेट शेवटच्या दहा मिनिटांत. बदाम आधी घातले तर मऊ पडतात.

झालेलं बिघडलं असेल तर काय करता येतं? तळाशी पाणी दिसतंय पण क्रीम अजून लावलेलं नाही, तर भांडं हळूच तिरकं करून कडेला स्ट्रॉ किंवा छोटी सिरिंज घालून ते ओढून घ्या. हा रस चवीला छान असतो, आटवून वरून वाढता येतो. कस्टर्ड पातळ राहिलं असेल आणि अजून पातेल्यातच असेल, तर पुन्हा खळखळून उकळा. तरीही नाही जमलं तर १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून घाला आणि परत दोन मिनिटं. भांड्यात ओतून झाल्यावर पातळ निघालं, तर मोठ्या भांड्यात ठेवण्यापेक्षा ते ग्लासांत डावाने वाढा, वर क्रीम घाला. थर धूसर दिसतील, चव जाणार नाही. लिकर जास्त झाली तर साखर घालून झाकू नका. न गोड केलेलं क्रीम जास्त घाला, स्निग्धांशाने झोंबणं कमी होतं.

वाढताना लांब दांड्याचा मोठा चमचा तळापर्यंत सरळ खाली घाला आणि एकाच हालचालीत वर आणा, म्हणजे प्रत्येक वाटीत चारही थर येतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. एवढ्याशा लिकरने अंड्या-दुधाचा पदार्थ टिकत नाही. उरलेलं झाकून ४-५ अंशांवर ठेवलं तर दोन दिवस चांगलं राहतं. गोठवू मात्र नका, वितळताना कस्टर्डमधून पाणी सुटतं आणि क्रीमचे दाणे होतात.

बिनअल्कोहोलच्या भांड्यासाठी ९० मिली लिकरऐवजी ९० मिली संत्र्याचा रस घ्या. त्यात एका संत्र्याची फक्त केशरी साल किसून, २० ग्रॅम साखर घालून, रस तीन-चार मिनिटं मंद उकळा. मग गाळून पुन्हा ९० मिलीपर्यंत रस भरा. अमारेत्तोची जागा भरायची असेल तर बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब, तिसरा नको. इसेन्स मात्र बिनअल्कोहोलचं बघून घ्या, कारण व्हॅनिला आणि बदाम दोन्हींचे अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्येच काढलेले असतात.